टाको गच्चीवर पिकेल का?

नागपुरात गच्चीवर किंवा अंगणात भाजीपाला लावणारी मंडळी जमली, की हल्ली एक नवा प्रश्न हमखास निघतो. टोमॅटो झाले, मिरच्या झाल्या, सांबार (म्हणजे कोथिंबीर) झाला. आता मुलांना आवडतो तो टाको पूर्णपणे घरच्या बागेतून बनवता येईल का? दुकानातून काहीही न आणता? आणि तेही आपल्या या उन्हात?

उत्तर असं आहे: एक फळ सोडलं तर सगळं येतं, फक्त ते एकदम येत नाही. नागपुरात घरचा टाको बनवणं हे झाडं जमवण्यापेक्षा तारखा जमवण्याचं काम आहे. मका पावसाळ्यात पिकतो, टोमॅटो हिवाळ्यात लाल होतो, लिंबाचं झाड काही वर्षं आधी लावलेलं असावं लागतं. हे सगळं एका ताटात आणायचं तर उलट्या दिशेने विचार करावा लागतो. ते कसं करायचं, ते एकेक घटक घेऊन पाहू.

१. टाकोत असतं तरी काय?

मक्याची तळहाताएवढी पातळ, मऊ भाकरी भाजायची, तिच्यात शिजवलेला घेवडा, भाजी किंवा मांस घालायचं, वरून बारीक कांदा, कोथिंबीर, मिरची-टोमॅटोची चटणी, लिंबू पिळायचं आणि दुमडून हातात धरून खायचं. मेक्सिकोतला रोजचा टाको एवढाच असतो. त्या भाकरीला तिथे तोर्तिया म्हणतात. पाकिटातली कडक, होडीच्या आकाराची कवचं आणि त्यात भरलेली लेट्यूसची पानं ही अमेरिकेत रूढ झालेली पद्धत. लेट्यूस आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच नीट येतो, ऊन चढलं की त्याला तुरा फुटतो आणि पान कडू होतं. नसला तरी टाकोचं काही अडत नाही. मेक्सिकोत कित्येक ठिकाणी सोबत मुळ्याच्या चकत्या देतात, आणि मुळा तर आपल्या हिवाळ्यात कुंडीतही सुरेख येतो.

ही यादी पुन्हा एकदा पाहा. मका, मिरची, टोमॅटो आणि राजमा ही मूळची अमेरिका खंडातली पिकं. दक्षिण मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी तेओसिंते नावाच्या रानगवतातून मका घडवला. १४९२ नंतर ही पिकं समुद्रापार निघाली आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे पोहोचली. कांदा, लसूण, कोथिंबीर आणि लिंबू मात्र उलट दिशेने गेले. ही सारी जुन्या जगातली, स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत नेलेली. जगात ज्याला मेक्सिकन लाइम म्हणतात, ते आपलं कागदी लिंबूच आहे. तेव्हा टाकोची बाग म्हणून वेगळं, परकं असं फारसं काही लावायचं नसतं. विदर्भाच्या परसबागेत हे सामान पूर्वीपासूनच आहे, अपवाद दाण्याच्या मक्याचा.

२. नागपूरचं वर्ष

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'टोमॅटोला ऊन हवं'. ते थंड देशातल्या माळ्यासाठी लिहिलेलं असतं. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि २९ डिसेंबर २०१८ ला तो ३.५ अंशांपर्यंत उतरला. एकाच गच्चीने हे दोन्ही सोसायचं असतं.

बागेच्या दृष्टीने इथे वर्षाचे तीन भाग पडतात. जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस: मका, तूर, चवळी यांचा काळ. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात उदार: टोमॅटो, राजमा, सांबार, मुळा, कांद्याची पात सगळं याच काळात. मार्चपासून मेअखेरीचा नवतपा संपेपर्यंत झाडं फक्त जगवायची. हिरवी जाळी बांधायची, मुळांवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं, आणि फळांची अपेक्षा धरायची नाही. या महिन्यांत नव्याने टोमॅटो लावणाऱ्याची मेहनत वाया जाते.

मात्र हेच ऊन वाळवणासाठी अमोल आहे. मेक्सिकोच्या स्वयंपाकात वाळलेल्या मिरच्यांना जे स्थान आहे, ते मिळवून द्यायला नागपूरच्या उन्हासारखा मदतनीस नाही.

३. मका ओळीत लावू नका

टाकोतली सगळ्यात महत्त्वाची आणि घरच्या बागेत सगळ्यात जास्त फसणारी गोष्ट म्हणजे मका. कठड्याला लागून एका ओळीत दहा झाडं लावली जातात, कणसं धरतात, सोलून पाहावं तर दाणे विरळ, अर्धं कणीस बोडकं. याचं कारण खतात किंवा पाण्यात शोधलं जातं. बहुतेक वेळा कारण मांडणीत असतं.

मक्याच्या शेंड्यावर जो तुरा येतो ते नर फूल. बुंध्याच्या मधोमध कणसातून जे रेशमी केस बाहेर येतात ते मादी फुलाचे. कणसाचा प्रत्येक केस आतल्या एकाच दाण्याशी जोडलेला असतो. केसावर परागकण पडला तर तो दाणा भरतो, नाही पडला तर ती जागा रिकामी. मधमाश्यांवर हे काम अवलंबून नाही, तुऱ्यातली भुकटी वाऱ्याने उडून केसांवर पडावी लागते. झाडं एका ओळीत असली, की वारा आडवा वाहिला तर सारी भुकटी शेजारच्या गच्चीवर जाते. म्हणून मका नेहमी चौकात लावायचा: चार ओळी, प्रत्येकीत चार झाडं, दोन झाडांत साधारण एक फूट अंतर. सोळा झाडं झाली. तुरा फुलला की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, पाऊस नसताना, तो कागदी पिशवीत हलक्या हाताने झटकायचा आणि जमलेली पिवळी भुकटी सगळ्या कणसांच्या केसांवर भुरभुरायची. हे चार-पाच सकाळी केलं, तर दाणा गच्च भरतो.

गच्चीवर लावणाऱ्यांनी वजनाचा हिशेब जरूर करावा. चार फूट लांब, चार फूट रुंद आणि एक फूट खोल असा वाफा ओल्या मातीने भरला, की त्याचं वजन सहाशे किलोच्याही वर जातं. जुन्या घराच्या स्लॅबवर असा वाफा मधोमध कधीही बांधू नये. त्याऐवजी आठ मोठ्या ग्रो बॅग घ्याव्यात, प्रत्येकीत दोन झाडं, आणि त्या खाली भिंत किंवा तुळई असेल अशा जागी एकमेकींना चिकटून चौकात ठेवाव्यात. भरताना नुसती काळी माती नको. आपली काळी माती ओली असताना चिकट होते, वाळली की भेगाळते आणि दिलेलं पाणी भेगांतून खाली निघून जातं. काळी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट समान घ्यावं, वजनही कमी होतं. ज्यांना अंगण आहे त्यांनी मका जमिनीतच लावावा, तो तिथे जास्त सुखी असतो.

बियाणं घेताना एक गोष्ट तपासा. स्वीट कॉर्नपासून भाकरी होत नाही. त्याच्या दाण्यात साखर जास्त आणि पीठ कमी असतं, वाळला की दाणा सुरकुततो. भाकरीसाठी दाण्याचा, टणक मका हवा. दोन्ही लावायचे असतील, तर पेरणीत तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. नाहीतर दाण्याच्या मक्याचे पराग स्वीट कॉर्नवर पडतात आणि त्याच हंगामात त्याचा गोडवा जातो.

मक्याबरोबर त्याचा शत्रूही आता आपल्याकडे आला आहे. अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ मध्ये कर्नाटकात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोहोचली. ही अळी मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लपून बसते. पानांवर ओळीने भोकं आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली, की ती आत आहे असं समजावं. सोळा झाडांसाठी फवारणीची गरज नसते. रोज सकाळी पोंगे पाहायचे, अळी काढून टाकायची, पानावरचे अंड्यांचे पुंजके चिरडायचे आणि पोंग्यात चिमूटभर कोरडी बारीक रेती किंवा राख सोडायची.

आता हिशेब. घरच्या झाडाला एक कणीस आणि त्यातून साधारण ८० ग्रॅम वाळले दाणे धरा. सोळा झाडांचे झाले सव्वा किलोच्या आसपास. पाव किलो दाण्यांपासून अंदाजे ४५० ग्रॅम ओलं पीठ होतं, आणि ३० ग्रॅमचा एक गोळा धरला तर पंधरा तोर्तिया. चार जणांचं एक जेवण. म्हणजे सोळा झाडांनी घराला पाच वेळा टाको दिला. एवढ्याशा जागेतून एवढं धान्य निघतं, हे मला फार समाधानाचं वाटतं.

४. चुन्याचं काम

मका दळून आणला, पीठ मळलं, थापायला घेतलं आणि कडा फाटल्या, असं होतं. गव्हात चिकटपणा देणारं ग्लुटेन असतं, मक्यात ते नसतं. ज्वारीतही नसतं, म्हणून तर आपण भाकरीला गरम पाणी वापरतो. सातपुड्यात नंदुरबारकडे मक्याची भाकरी याच पद्धतीने होते आणि ती रुचकर असते. पण तोर्तिया पातळ असते आणि दुमडावी लागते. मेक्सिकोतल्या लोकांनी त्यासाठी हजारो वर्षांपूर्वी वेगळी युक्ती काढली: मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा.

पाव किलो वाळल्या मक्याला पाऊण लिटर पाणी आणि एक लहान चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम, खायचा चुना. पानाला लावतात तोच, मात्र साधा, रंग किंवा सुगंध न घातलेला. भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमचं नको, चुन्याने ते झिजतं आणि त्याचा अंश अन्नात उतरतो. मंद आचेवर पाऊण तास शिजवून झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी दाण्याचं साल बोटांनी चोळलं तर सुटतं. तीन-चार पाण्यांतून खळखळून धुवायचं, जोवर चुन्याचा बुळबुळीतपणा जात नाही, आणि मग पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये कमीत कमी पाणी घालून वाटायचं. मेक्सिकोत यासाठी पूर्वापार दगडी पाटा-वरवंटाच वापरत आले आहेत.

आत काय घडतं? चुना दाण्याच्या सालीला धरून ठेवणारे घटक सैल करतो. ते पाण्यात विरघळून पिठाला चिकटपणा देतात. शिजल्यामुळे दाण्यातलं स्टार्च थोडं फुगतं. म्हणून पीठ हातात गोळा होऊन राहतं. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून सपाट ताटलीने दाबला, की तोर्तिया तयार. तव्यावर दोन्ही बाजू भाजून फडक्यात गुंडाळून ठेवली की मऊ राहते.

याहून मोठी गोष्ट पोषणाची आहे. मक्यात नायसिन नावाचं ब जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रूपात बांधलेलं असतं की शरीराला मिळत नाही. चुन्याने ते मोकळं होतं. मका युरोपात गेला तेव्हा ही कृती त्याच्याबरोबर गेली नाही. अठराव्या शतकात स्पेन आणि उत्तर इटलीत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, मुख्यतः मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटणारा, पोट बिघडवणारा आणि शेवटी बुद्धीवर परिणाम करणारा हा रोग. बी नेलं आणि ते शिजवणाऱ्यांचं ज्ञान मागे ठेवलं, त्याची ही किंमत होती. आपण आठवड्यातून एकदा मका खातो, तेव्हा आपल्याला ही भीती नाही. तरीही मका शिजवताना ज्यांनी ही कृती शोधली त्या बायांची आठवण ठेवावी, असं मला वाटतं.

५. भेदरं आणि रात्रीचा पारा

टोमॅटोला, म्हणजे आपल्या भेदराला, दिवसाच्या उन्हाइतकाच रात्रीचा गारवा लागतो. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही पारा २४-२५ च्या खाली उतरेना, की परागकण निकामी होतात. फुलं येतात आणि गळतात. फळ धरलं तरी ३० अंशांच्या वर लाल रंगाचं द्रव्य नीट तयार होत नाही, आणि फळ पिवळट-नारिंगी राहतं. म्हणून नागपुरात बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकावं आणि महिन्याभराने रोपं लावावीत. ऑक्टोबरची उष्णता सोसताना झाड फक्त वाढतं, गारवा सुरू होता होता फुलतं आणि डिसेंबरच्या मध्यापासून लाल फळं देऊ लागतं. अर्का रक्षक ही बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची संकरित जात पानं आकसवणाऱ्या विषाणूला तोंड देते, नवशिक्यांनी तीच घ्यावी. फळाच्या बुडाशी काळा, खोलगट डाग पडला तर तो बहुधा रोग नसतो. पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही असं झालं, की फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. पाणी नेमाने द्या.

६. मिरची, लिंबू, राजमा

मिरचीसाठी दूर जायचं कारण नाही. उमरेडच्या पुढचं भिवापूर नागपूर जिल्ह्यातच आहे, आणि तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. टाकोच्या चटणीला लाल रंग आणि तिखटपणा दोन्ही हवेत, ते या मिरचीत आहेत. जूनमध्ये रोपं टाकून जुलैअखेर लावली, तर हिवाळ्यात लाल मिरच्या खुडून वाळवता येतात. पानं वळून आकसू लागली की बोकड्या आला असं समजावं. तो बहुतेक वेळा फुलकिडे, कोळी किंवा पांढरी माशी यांच्यामुळे येतो. सुरुवातीलाच चिकट सापळे लावावेत, निंबोळी अर्क फवारावा, आणि झाड पूर्ण आकसलं असेल तर उपटून टाकावं, शेजारची झाडं वाचतात.

लिंबासाठी आपल्यासारखं नशीबवान शहर नाही. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपुरातच आहे. कागदी लिंबाचं खात्रीचं रोप तिथून किंवा महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात चौकशी करून घ्यावं. १९०६ पासूनचं हे महाविद्यालय शहराच्या मध्यावर आहे. गुटीचं रोप मोठ्या ड्रममध्ये दोन-तीन वर्षांत फळतं. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची लिंबं हिवाळ्यात तयार होतात. आपल्या ताटासाठी तीच हवी.

राजमा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पेरावा. मेक्सिकोतला काळा घेवडा आणि आपला राजमा एकाच जातीच्या वनस्पतीचे प्रकार आहेत. इतर कडधान्यं मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवतात, राजम्याच्या मुळांवर मात्र गाठी फारशा धरत नाहीत. म्हणून त्याला शेणखत जास्त द्यावं. तो रात्रभर भिजवून, पाणी फेकून, कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात. पावसाळ्यातच टाको करायचा असेल तर राजम्याचा हट्ट सोडून चवळी लावा. मक्याचं झाड गुडघाभर झालं की त्याच्या बुडाशी वेलीची चवळी टोकायची, ती मक्यावरच चढते. मेक्सिकोच्या शेतात मका, घेवडा आणि भोपळा असेच एकत्र नांदतात.

७. अवोकॅडोचं काय?

सुरुवातीला सोडलेलं एक फळ ते हेच. तो लावू नका. थंड डोंगराळ हवेत, कूर्ग-निलगिरीच्या बाजूला, ते झाड सुखाने वाढतं. नागपूरच्या मे महिन्यात त्याची पानं करपतात. कोयीपासून रोप सहज उगवतं म्हणून लोक मोहात पडतात, आणि वर्षानुवर्षं त्याच्या मागे पाणी घालत राहतात.

टाकोत अवोकॅडोचं काम काय, एवढंच पाहावं. तिखट आणि आंबट यांच्यामध्ये काहीतरी मऊ, स्निग्ध, हिरवं हवं असतं. ते काम विदर्भात तुरीचे सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, करतात. ओले सोले वाफवून लसूण, हिरवी मिरची, सांबार आणि लिंबाबरोबर जाडसर वाटायचे. अवोकॅडोत तेल असतं, सोल्यांत जवळजवळ नसतं, म्हणून वरून दोन चमचे कच्चं तेल घालायचं. गोडसर, दाट, ताज्या शेंगांच्या वासाची ही चटणी मला अवोकॅडोपेक्षा सरस वाटते, आणि तूर कठड्याजवळ फारशी निगा न घेता वाढते.

८. २६ जानेवारीपासून मागे मोजा

लग्नाचा मुहूर्त ठरला की आपण त्या दिवसापासून मागे मोजत येतो: हळद कधी, पत्रिका कधी, बस्ता कधी. बागेचंही तसंच करा. ताट २६ जानेवारीला हवं आहे असं धरा, सुट्टी असते आणि हवाही उत्तम.

मुळा डिसेंबरच्या मध्यावर पेरा. सांबार १० डिसेंबरला. धने रगडून दोन फाकी करून पेरले की चाळीस-पंचेचाळीस दिवसांत खुडायला येतो. पातीसाठी मोड आलेले छोटे कांदे डिसेंबरच्या सुरुवातीला पुरा. राजमा ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, टोमॅटोचं बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मिरचीची रोपं जुलैअखेर. मका आणि तूर जूनच्या शेवटी, पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर. मका ऑक्टोबरमध्ये निघेल, कडक वाळवून डब्यात भरा, तो जानेवारीची वाट पाहू शकतो. तुरीला डिसेंबर-जानेवारीत शेंगा असतीलच. डिसेंबरअखेर पारा फार उतरला, तर रात्री टोमॅटोवर जुनी चादर घाला.

एवढी सगळी जागा आणि सवड प्रत्येकाकडे नसते. एकच गोष्ट लावायचं ठरवलंत, तर मका लावा. टोमॅटो, मिरची आणि सांबार कॉटन मार्केटमध्ये रोज ताजे मिळतात. तुमच्या डोळ्यांदेखत वाढलेला, फवारणी न झालेला, तुम्ही स्वतः वाळवलेला मका तिथे मिळत नाही. जूनमध्ये सोळा दाणे टोका.